कन्हानच्या वस्तीतलं जावळ

मंगळवारी सकाळी सुधा गेली. ती माझी धाकटी बहीण. नागपूरला डॉक्टर होती. दिवाळीच्या सुट्टीत ती साताऱ्याला आली तेव्हा तिला कावीळ झाली होती.

दिवसकार्य झाल्यावर तिची नागपूरची खोली रिकामी करायला कोणीतरी जायला हवं होतं. घरात आई आणि मी, दोघंच उरलो होतो. मी वाचनालयात काम करतो. प्रवासवर्णनांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मी वाचलं आहे. पण पुण्याच्या पलीकडे मी स्वतः कधी गेलो नव्हतो. आईनं दशम्या बांधून दिल्या. मार्गशीर्षात मी निघालो.

सक्करदरा

स्टेशनवर गजभिये घ्यायला आले होते. सुधाच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते, आणि तिच्या बोलण्यात त्यांचं नाव इतक्या वेळा यायचं की ते मला वयानं बरेच मोठे वाटायचे. प्रत्यक्षात ते तिशीतले, अंगात विटकरी स्वेटर, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. गर्दीतून सरळ माझ्याकडेच आले.

"ओळखलंत कसं?" मी विचारलं.

"नाक बाईचंच हाय ना जी." खर्रा त्यांनी एका गालात सरकवला. "गाडीत जेवले नाही वाटते? एवढे वाळले काहून?"

"मी पहिल्यापासून असाच आहे."

"मंग इथं राहा आठ दिवस. नागपूरवाले कोणाले वाळू देत नाहीत."

सायकलरिक्षानं आम्ही सक्करदऱ्याला आलो. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुधाची खोली होती, घरमालकांच्या माडीवर. घरमालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. मराठ्यांच्या राज्यात पुण्याकडून इकडे आलेलं त्यांचं घराणं. यजमान सरकारी कचेरीत. म्हणजे मूळ आमच्याकडचेच. पण इतक्या पिढ्यांत भाषा इथली झाली होती आणि हातही इथला. पहिल्या जेवणाला त्यांनी वडाभात केला आणि सोबत सांबारवडी. मी सांबार म्हणजे डाळीचं समजून वाटी पुढे केली, तर काकू हसल्या. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वडीतली ती हिरवी जुडी आमच्याकडे चिमटीनं वापरतात, इथे मुठीनं. वड्यांवर तापलेलं तेल ओततात, तेही हात आखडता न घेता.

"तुमची बहीण कन्हानच्या वस्तीत जेवून यायची," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "जायची तर जायची. पण आल्यावर मले सांगायची! आज कोणाकडे खाल्लं, काय खाल्लं, सगळं. न सांगता आली असती तर मी कशाला बोलणार होते?"

"मग तुम्ही बोलायचात?"

"बोलायची ना. मग ती म्हणायची, काकू, त्यांच्या हातची भाकर तुमच्यापेक्षा चांगली असते." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "असेलही. मले भाकर जमतच नाही."

वरच्या खोलीत एक खाट, एक टेबल, पुस्तकं आणि खिडकीत संत्र्याच्या वाळलेल्या साली. त्या ती कशासाठी ठेवत असेल ते मला कळलं नाही. काकूंनाही माहीत नव्हतं. मी त्या तशाच राहू दिल्या आणि पुस्तकं बांधायला घेतली.

प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी सुधाची सरकारी पुस्तकं परत करायला प्रयोगशाळेत गेलो. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. दारातच माणसं उन्हात बसली होती, गुडघ्यांना फडकी बांधलेली.

गजभियेंनी मला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. "पाहा, बाई काय पाहायच्या ते."

मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग त्यांनी चकती फिरवली आणि रक्ताच्या पेशी दिसू लागल्या. काही गोल होत्या, पैशासारख्या. काही वाकून लांब झाल्या होत्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. विळ्याच्या पात्याचा आकार.

"कोणाचं रक्त हे?"

"माह्यंच." ते सहज म्हणाले. "दवा टाकून ठेवलं का पेशी अशा वाकतात. मले काही होत नाही. आईबापापैकी एकाकडूनच आलं. दोघाईकडूनही आलं त्या लेकराचे हाल होतात."

अशा मुलांचं रक्त टिकत नाही, वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात, मग हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, आणि साधा तापही जीव घेऊन जातो. हे सगळं सुधानं मला मागेच सांगितलं होतं. पुस्तकांत हा आजार दूरच्या देशांतला म्हणून लिहिलेला. इथल्या दवाखान्यांत अशी मुलं आली की कोणी संधिवात म्हणे, कोणी अशक्तपणा. मोठ्या माणसाला असं दुखणं असलं की मुकादम त्याला कामचोर म्हणे. आजार कालचा नव्हता. ज्यांना तो होता त्यांना कोणी नीट विचारलं नव्हतं. सुधा ते विचारत फिरायची. कन्हानच्या खाणींजवळच्या वस्त्यांत, रामटेककडच्या आदिवासी पाड्यांत.

"एकदा एका साहेबानं बाईसमोर मले विचारलं," गजभिये म्हणाले, "हे तुमच्याच लोकांत काहून होते? बाई म्हणाल्या, ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या हिवताप झेलला त्यांच्या रक्तात ही खूण राहिली. एक हिस्सा असला तर हिवतापातून माणूस वाचते. तुमचे वाडवडील मच्छरदाणीत झोपत असतील, साहेब." ते हसले. "साहेब एक महिना चहा पाजत नव्हते आम्हाले."

मीही हसलो. सुधा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मग त्यांनी खर्रा थुंकून तोंड धुतलं आणि मुद्द्यावर आले. कन्हानला रंजना नावाची एक बाई होती. तिचा पहिला मुलगा तापानं गेला होता. दुसरा, आनंद, वर्षाचा होऊन गेला होता आणि आता त्याचे हात सुजू लागले होते. सुधाला संशय होता. दिवाळीनंतर येऊन रक्त तपासते, असं ती रंजनाला सांगून आली होती.

"मी गेलो होतो मागच्या हप्त्यात. म्हातारी सासू दारातच म्हणे, बाई आल्याशिवाय सुई लावू नाही देत."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

गजभियेंनी मान हलवली. "माह्या तोंडून नाही निघालं जी. घरच्या माणसानं सांगावं. या तुम्ही."

मी बांधाबांध अर्धी टाकून जायचं ठरवलं. कारण असं की मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मुलाच्या हातांना सूज होती.

कन्हान

कामठी मागे टाकून दवाखान्याची जीप नदीवरच्या पुलाशी आली. कन्हान नदी आमच्या कृष्णेसारखी खोल कातलेली नाही. वाळूतून पसरून, थांबत थांबत वाहते. हिवाळ्याचं पाणी पांढुरकं दिसत होतं आणि वाळूत टरबुजांचे वेल लावायला बायका खड्डे करत होत्या. पलीकडे खाणींचा धूर.

पूल ओलांडताच नाक्यावरच्या पानठेल्याजवळ गजभियेंनी जीप थांबवायला सांगितली.

"वस्ती तर पुढे आहे ना?"

"जीप नाही नेत आम्ही. आणीबाणीत जीप आली की माणसं उसात पळायची. नसबंदीची गाडी! आता आणीबाणी उठली, पण जीप तर तीच हाय, सरकारी रंगाची. बाई इथूनच पायी जायच्या."

बर्फाचा थर्मास त्यांनी घेतला, सुया-बाटल्यांची पेटी मी घेतली. वस्ती नदीच्या वरच्या अंगाला होती. मातीची, कौलारू घरं, मधोमध लहानसं विहार, त्यावर निळं निशाण. जवळजवळ सगळी घरं दीक्षा घेतलेली. पोरं आमच्या मागे चालू लागली. त्यांतली दोन लंगडत होती.

रंजनाचं घर शेवटचं. ओट्यावर सासू भागरथाबाई तूर पाखडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप थांबवलं.

"हे कोन गा, गजभिये?"

"बाईचे भाऊ. साताऱ्याहून आले."

"आन बाई?"

मी सांगितलं. वाक्य लहान होतं. बोलताना मी त्यांच्या सुपाकडे बघत होतो.

हातातली तूर भागरथाबाईंनी हळूहळू सुपात सोडली. मग एकदम म्हणाल्या, "मायवं! दुसऱ्याईचं रक्त पाहत फिरली, आपलं नाही पाहिलं तिनं!" आणि त्या रागावल्यासारख्या उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. दारात एक मुलगी उभी होती, कडेवर मूल. तीच रंजना. तिनं मला नुसतं "बसा जी" म्हटलं आणि खाली मातीकडे पाहत राहिली.

थोड्या वेळानं आतून ताटं आली. नको म्हणण्याची सोय नव्हती. ज्वारीची भाकर आणि पाटवडीचा रस्सा. आमच्याकडच्या कोल्हापुरी तिखटाची मला सवय आहे असं मी समजत होतो. पहिल्याच घासाला ठसका लागला, नाकातून पाणी आलं, आणि पाण्याचा तांब्या धरायला गेलो तो हात लागून कलंडला. ओट्यावरून पाणी थेट भागरथाबाईंच्या तुरीत.

"अरे बाप्पा!" भागरथाबाई ओरडल्या. "डाळ आताच शिजवता का?"

सगळे हसले. रंजनाही. भागरथाबाईंची लेक शीला तोंडावर ओढणी धरून आत पळाली. मी तूर वेचायला लागलो तर म्हातारीनं माझा हात बाजूला केला. "राहू द्या. तुमची बहीण बी अशीच ठसकली होती पहिल्या खेपेले. नंतर मांगून खायची."

जेवण झाल्यावर गजभियेंनी पेटी उघडली नाही. नुसती जवळ ओढली. भागरथाबाईंचं लक्ष होतंच.

"ते तिथंच राहू दे."

"आत्याबाई, लेकराचे हात पाहा."

"पाहून राहिले मी. डोळे गेले नाहीत माह्ये. याच्या आधी बी लोक आले होते रक्त न्यायले. बाटल्या भरल्या, गेले. काय निघालं, कोनी सांगाले आलं? बाई म्हने मी येऊन सांगीन. आता कोन सांगते?"

"मी सांगीन."

"आन गावभर झालं तं? शीलाचं मौद्याले लगनाचं बोलनं चालू हाय. या घरात रक्ताचं दुखनं हाय म्हनल्यावर तिले कोन करीन?"

"माह्या रक्तात बी हाय ना ते! माह्यं काय बिघडलं?"

"तुह्यं लगन झालं हाय," म्हातारी म्हणाली.

मी काय बोलणार होतो? वाचनालयात मी लोकांना हवं ते पुस्तक काढून देतो, वाच म्हणून आग्रह करत नाही. म्हातारीचं भय मला खोटं वाटत नव्हतं. पण आनंद आईच्या कडेवरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोटांची सूज अशी होती की मूठ मिटत नव्हती, आणि केस खांद्यापर्यंत वाढलेले, गुंता झालेले. त्या केसांबद्दल मी उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"जावळ राह्यलं त्याचं," रंजना म्हणाली. "मामाच्या मांडीवर काढावं लागते. मले भाऊ नाही."

"होता," भागरथाबाई म्हणाल्या.

"होता. लहानपणीच गेला. हाडं दुखू दुखू." रंजनानं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बाई म्हनायच्या, मी तुही बहीन, मंग माझा भाऊ याचा मामा. दिवाळीच्या बाद घेऊनच येतो त्याले, म्हने. पुस्तकातून उठवून."

मला हे माहीत नव्हतं. सुधा आजारपणात पुष्कळ बोलली होती, पण हे बोलली नव्हती. कदाचित बरी झाल्यावर सांगणार असेल.

जावळ मामाच्या मांडीवर काढायची रीत आमच्याकडेही आहे. पण इथे देवाधर्माचं सगळं सोडलेलं, म्हणून मी अडखळत विचारलं की हे अजून चालतं का.

"देव सोडले आम्ही," भागरथाबाई म्हणाल्या. "मामा थोडीच सोडला!"

रंजना उठली. तिनं आनंदला माझ्या मांडीवर ठेवलं. मग सासूकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "मामा आले. केस बी काढा, आन रक्त बी काढा. मामाच्या मांडीवर होते त्याले कोनी नावं ठेवत नाही."

गजभिये माझ्याकडे पाहत होते, मी मुलाकडे. मूल जड नव्हतं. त्याच्या अंगाला तेलाचा आणि धुराचा वास होता.

भागरथाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन मामानं काय आनलं भाच्याले? तिकडचे मामा रिकाम्या हातानं येतात वाटते!"

माझ्याजवळ काहीच नव्हतं. गळ्यातला मफलर काढून मी मुलाला गुंडाळला. म्हातारीनं त्याचं सूत दोन बोटांत धरून पाहिलं. "चालते," ती म्हणाली, आणि शीलाला कात्री आणायला सांगितली.

पहिली बट म्हातारीनंच कापली. बाकीचे केस रंजनाच्या नवऱ्याच्या चुलत्यानं काढले. नवरा खाणीत पाळीवर होता. कात्रीला आनंद रडला नाही. गजभियेंनी त्याच्या टाचेला सुई टोचली तेव्हा मात्र असा ओरडला की विहारापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बघायला आल्या. मी त्याचा पाय धरून ठेवला होता. गजभिये सारखं म्हणत होते, "झालं, झालं," आणि ते मुलाला उद्देशून नसावं.

मग रंजनानं हात पुढे केला. मग शीलानं, आईकडे न पाहता. शेवटी भागरथाबाई पेटीजवळ येऊन बसल्या. "माह्यं बी घे. म्हातारीच्या रक्तात काय राह्यलं पाहू."

जीपकडे परतताना गजभियेंनी थर्मास छातीशी धरला होता.

पुन्हा कन्हान

रक्त कागदाच्या पट्टीवर ठेवून तिच्यातून वीज सोडतात. ज्याच्यात एक हिस्सा असतो त्याच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात, निरोगी आणि आजारी. रंजनाच्या पट्टीवर दोन होत्या. भागरथाबाईंच्या दोन. शीलाची एकच होती, निरोगी. आनंदचीही एकच होती, पण दुसऱ्या, आजारी जागी.

गजभियेंनी ती पट्टी खिडकीशी धरून पुन्हा पाहिली. मग ते बाहेर जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

सुधाचा एक शिरस्ता होता: निकाल घरी जाऊन, बसून, ज्याचा त्याला सांगायचा. तिच्या जागी अजून कोणी आलेलं नव्हतं. माझं परतीचं तिकीट मी पुढे ढकललं आणि आम्ही पुन्हा पुलाकडे निघालो. वाटेत गजभियेंनी संत्री घेतली. सोललेली फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती कन्हान येईपर्यंत हातातच धरून होतो.

या वेळी नवराही घरी होता. खाणीतून आलेला, डोळ्यांच्या कडा अजून काळ्या. गजभियेंनी चौघांना समोर बसवून सांगितलं. आजार आहे. मुळासकट जात नाही. पण ताप आला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात आणायचं, अंगारा-धुपारा करत थांबायचं नाही. पाणी भरपूर पाजायचं. थंडीत ऊब द्यायची. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि आईबाप दोघांच्याही रक्तात एकेक हिस्सा आहे, कोणा एकाचा दोष नाही.

नवरा म्हणाला, "माह्या बी?"

"तुमचं घ्यायचं राह्यलं, पण असल्याशिवाय लेकरात येत नाही."

तो मान खाली घालून बसला. रंजनानं विचारलं, "मोठ्याले बी हेच होतं?"

"बाईले तसंच वाटत होतं. लक्षणं तीच होती."

"मंग नजर नव्हती."

"नाही."

ती फार हळू म्हणाली, "मी त्याले दिवेलागणीले नदीवर नेलं होतं. म्हनून नाही?"

"नाही वं ताई," गजभिये म्हणाले. "म्हनून नाही."

तिनं भागरथाबाईंकडे पाहिलं नाही. पण मला कळलं की नदीवर नेल्याचं हे वाक्य या घरात पुष्कळदा बोललं गेलं असणार, आणि कोणी बोललं असणार तेही. रंजना रडली नाही. तिनं आनंदला मांडीवर घेतलं आणि त्याच्या मुंडलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, एकाच जागी.

शीला चहासाठी उठली तर भागरथाबाईंनी तिला खाली बसवलं. स्वतः चुलीशी गेल्या. चहा झाल्यावर आम्हा पाहुण्यांना द्यायच्या आधी त्यांनी पहिला कप आणून सुनेपुढे ठेवला. "घे," म्हणाल्या. एवढंच. रंजनानं कप उचलला.

निघताना म्हातारी मला म्हणाली, "मामा, मौद्याच्याईले मीच सांगीन आता. लपवून नाही ठेवत. शीलाचं तर चांगलं निघालं. त्याईले पटलं तं पटलं."

त्यांना पटलं नाही. हे मला नंतर गजभियेंकडून कळलं. घरात आजार आहे म्हटल्यावर ते स्थळ फिरलं. शीलाचं लग्न पुढे उमरेडला झालं, आणि त्याआधी भागरथाबाईंनी होणाऱ्या जावयाला रक्त तपासायला प्रयोगशाळेत पाठवलं. तो बिचारा गजभियेंना विचारत होता, हे हुंड्यात धरतात का?

सक्करदऱ्याला परत येऊन मी पुस्तकं बांधली. काकूंनी वाटेसाठी सांबारवड्या दिल्या. साताऱ्यापर्यंत त्या टिकल्या नाहीत, भुसावळच्या पुढे मीच संपवल्या. आईनं विचारलं, काय पाहिलंस? मी तिला नातवाचं सांगितलं. तिनं लगेच टोपडं विणायला घेतलं, तो टोपड्याच्या वयाचा राहिला नव्हता तरी.

याला आता काही वर्षं झाली. दरवर्षी थंडीत मी नागपूरला जातो. सुधाच्या जागी दुसऱ्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्याही नाक्यावरून पायी जातात. आजार मुळासकट घालवणारं औषध अजून नाही. कन्हानला नवा दवाखाना होणार होता, तो झालेला नाही. ताप आला की आनंदचा बाप त्याला सायकलवर बसवून नागपूरला आणतो. तीनदा आणलं आहे.

सुधा नाही. आनंद पहिलीत जातो. ज्या दिवशी पाय दुखतात त्या दिवशी जात नाही.